चित्रपटाचा पाठ आणि पाठाची चिकित्सा

१

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर, एकीकडून दुसरीकडे पायी जाता येईल अशा अंतरावर, तीन संस्था आहेत. पहिली १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था. दुसरी प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट. तिसरी १९६४ साली अस्तित्वात आलेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले व ते १९६६ साली पूर्णत्वाला गेले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासून, त्यांच्या शाखा-उपशाखा लावून, पाठभेद नोंदवून सिद्ध झालेले ते काम आहे. त्याच्या समाप्तीची आणि चित्रपट संग्रहालयाच्या आरंभाची वर्षे जवळजवळ एक आहेत. तरीही हस्तलिखितांच्या अभ्यासातून सिद्ध झालेली पद्धती रस्ता ओलांडून चित्रपटाच्या रिळांपर्यंत गेली नाही. मराठीत चित्रपटाचा जो काही अभ्यास झाला, त्याच्या मर्यादांचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते, असे मला वाटते.

चित्रपट-अभ्यास विद्यापीठीय विद्याशाखा व्हावा की नाही, हा प्रश्न आता जुना झाला. जादवपूर विद्यापीठात १९९३ साली चित्रपट-अभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही साहित्यकृतीचे माध्यमांतर, साहित्य आणि चित्रपट अशा विषयांना जागा मिळाली. प्रश्न आहे तो या अभ्यासाच्या आरंभबिंदूचा. सामान्यतः हा आरंभ रसग्रहणापासून होतो किंवा सिद्धान्तापासून होतो. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली असते : ज्या चित्रपटाविषयी बोलायचे, तो चित्रपट समोर आहे, पूर्ण आहे, आणि तो एकच आहे. भारतीय चित्रपटाच्या, आणि विशेषतः १९५० पूर्वीच्या मराठी चित्रपटाच्या बाबतीत, हे गृहीत टिकत नाही. म्हणून या अभ्यासाची पहिली पायरी पाठचिकित्सेची असली पाहिजे, आणि ती पायरी संग्रहालयावाचून चढता येत नाही, एवढेच येथे मांडायचे आहे.

२

भारतात मूकपटाच्या काळात तेराशेच्या आसपास कथाचित्रपट निर्माण झाले. त्यांतले तीसही आज पूर्ण वा अंशतः उपलब्ध नाहीत. एखाद्या भाषेतील दोन दशकांच्या साहित्यातून शंभरातली अठ्ठ्याण्णव पुस्तके नाहीशी व्हावीत आणि उरलेल्या दोनांच्या आधारे त्या काळाच्या वाङ्मयीन प्रवृत्तींचे विवेचन व्हावे, अशी ही अवस्था आहे. यातून येणारा पहिला धोका इतिहासलेखनाचा आहे. जे टिकले ते महत्त्वाचे, असा समज नकळत रूढ होतो. टिकणे ही गोष्ट मात्र गुणवत्तेपेक्षा हवामान, गोदामाची अवस्था, निर्मात्याच्या वारसांची आस्था आणि फिल्ममधील चांदी काढून विकणाऱ्यांची नजर यांवर अवलंबून होती.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटाला भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आद्य नमुना मानण्याची प्रथा आहे. कथा नारायण हरी आपटे यांची, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. हा मूकपट आज उपलब्ध नाही. त्याच्या वास्तववादाचा पुरावा म्हणून जे. बी. एच. वाडिया यांची एक आठवण वारंवार पुढे केली जाते : मंद प्रकाशात टिपलेली एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे ओरडणे. मूकपटात कुत्रा ओरडताना ऐकू येणे शक्य नाही. पेंटरांनी याच कथेवर १९३६ साली बोलपट केला होता. तेव्हा वाडियांच्या आठवणीतली झोपडी कोणत्या चित्रपटातली आहे? ती बोलपटातली असेल, तर मूकपटाच्या वास्तववादाचा हा पुरावा निकालात निघतो. ती मूकपटातली असेल, तर तो आवाज प्रेक्षकाच्या मनाने, किंवा चित्रपटगृहात पडद्याशेजारी बसून वाद्ये व आवाज पुरवणाऱ्यांनी घातलेला असू शकतो, आणि मग प्रश्न मूकपटाच्या सादरीकरणाचा होतो. कोणतेही उत्तर घेतले तरी 'वास्तववाद' या संज्ञेचा वापर करण्यापूर्वी साक्षीची तपासणी करावी लागते. जुन्या काव्याच्या अभ्यासकाला हे सांगावे लागत नाही. चित्रपटाच्या अभ्यासकाला अजून सांगावे लागते.

३

उपलब्ध असलेल्या चित्रपटांच्या बाबतीतही पाठाचा प्रश्न सुटलेला नसतो. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखवण्यात आला आणि ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३७०० फूट, म्हणजे चार रिळे होती. पहिले व शेवटचे रीळ आज उपलब्ध आहे, असे सर्वसाधारण विधान केले जाते. परंतु १९१७ साली फाळके यांनी हाच विषय 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने पुन्हा चित्रित केला होता, आणि उपलब्ध रिळे १९१३ ची नसून या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असे मत वीरचंद धरमसी यांच्यासारख्या चिकित्सक इतिहासकारांनी मांडले आहे.

या मतभेदाकडे केवळ कालनिश्चितीचा तपशील म्हणून पाहणे चुकीचे होईल. फाळके यांच्या दृश्यरचनेविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात आरंभीच्या प्रसंगातील राजकुटुंबाची चित्रासारखी समोरासमोरची मांडणी, कॅमेऱ्याचे स्थैर्य आणि चौकटीच्या खोलीचा वापर या गोष्टी भारतीय चित्रपटाच्या 'पहिल्या' दृश्याच्या म्हणून वाचल्या गेल्या. त्या १९१७ च्या असतील, तर त्या चार वर्षांच्या अनुभवानंतरच्या आहेत. मधल्या काळात फाळके यांनी 'मोहिनी भस्मासुर'सारखे चित्रपट केले होते. मग ज्याला आपण आरंभीची निरागस शैली म्हणतो, ती विचारपूर्वक राखलेली शैली ठरते. पाठाचे साल बदलले की शैलीचा अर्थ बदलतो.

'कालिया मर्दन' (१९१९) हे याच्या उलट टोकाचे उदाहरण आहे. सुमारे ६००० फुटांपैकी ४४०० फुटांहून अधिक भाग उपलब्ध असल्यामुळे तो फाळके यांच्या चित्रपटांतील सर्वांत सलग पाहता येणारा चित्रपट मानला जातो. त्याच्या आरंभी मंदाकिनी फाळके निरनिराळे भाव चेहऱ्यावर दाखवते आणि नंतर कृष्णाच्या वेषात आपल्यासमोर येते. आज आपण जो क्रम पाहतो, तो विस्कळीत तुकडे फाळके यांच्या टिपणांच्या आधारे जुळवून पी. के. नायर यांनी लावलेला आहे. अर्थात हे संपादन आहे, आणि उत्तम संपादन आहे. पण संपादन आहे म्हणूनच त्याला प्रस्तावना हवी, कोणता तुकडा कोणत्या आधारे कोठे बसवला याची नोंद हवी, शंकास्थळे दाखवलेली हवीत. वि. स. सुकथनकर यांनी १९३३ साली आदिपर्वाला जोडलेली प्रस्तावना हे अशा लेखनाचे वस्तुपाठ ठरावे असे उदाहरण आहे. नायर यांच्यासारख्या संग्राहकाने एकट्याच्या जिद्दीने सामग्री मिळवली, हे त्यांचे ऋण. तिची पाठचिकित्सा करणे हे विद्यापीठाचे काम होते, आणि ते करायला विद्यापीठातून कोणी आले नाही.

४

बोलपटाबरोबर पाठभेदाचे नवे प्रकार आले. 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा'पासून (१९३२) मराठी व हिंदी अशा दोन आवृत्त्या करण्याचा परिपाठ ठेवला. या आवृत्त्या ध्वनिमुद्रण बदलून केलेल्या नव्हत्या. प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित होई, आणि अनेकदा नटही बदलत. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) या जोड्यांत मूळ कोणते आणि भाषांतर कोणते, हा प्रश्नच गैरलागू आहे. महाभारताच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील वाचनांप्रमाणे ही दोन समांतर वाचने आहेत. एकाला दुसऱ्याची भ्रष्ट प्रत म्हणता येत नाही.

'शेजारी'चेच पाहू. दोन वृद्ध मित्रांच्या, एका हिंदूच्या आणि एका मुसलमानाच्या, स्नेहाची व दुराव्याची ही कथा. मराठीत केशवराव दाते यांनी हिंदू पाटलाची आणि गजानन जागीरदार यांनी मिर्झाची भूमिका केली. हिंदीत जागीरदार मिर्झाच राहिले, पण हिंदू ठाकुराच्या भूमिकेत मझहर खान आले. त्यामुळे हिंदी आवृत्तीत हिंदू नट मुसलमान झाला आहे आणि मुसलमान नट हिंदू. त्या काळच्या प्रेक्षकाला नटांची नावे ठाऊक असत, म्हणून ही अदलाबदल चित्रपटाच्या आशयाचा भाग होते. मराठी आवृत्तीत ही अदलाबदल अर्धीच आहे. दोन्हींना एकच चित्रपट मानून त्याच्या राष्ट्रवादाविषयी किंवा मानवतावादाविषयी केलेली विधाने म्हणूनच सैल राहतात. मराठी आवृत्ती पाहून हिंदीविषयी आणि हिंदी पाहून मराठीविषयी लिहिण्याची सवय आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्याविषयी कोणी खुलासाही करत नाही.

पाठ बदलणारा तिसरा हात सेन्सॉरचा. १९१८ च्या कायद्यानंतर मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे परीक्षण मंडळे आली. 'प्रभात'चा एकनाथांवरील चित्रपट 'महात्मा' या नावाने तयार झाला होता; परीक्षकांच्या आक्षेपानंतर तो १९३५ साली 'धर्मात्मा' म्हणून आणि काही भाग गाळून बाहेर आला. पोथीची नक्कल करणारा लेखनिक जसा कधी अनवधानाने आणि कधी हेतुपुरस्सर पाठ बदलतो, तसेच परीक्षक, वितरक, चित्रपटगृहाचा चालक आणि पुढे दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकासाठी कात्री चालवणारा संकलक हे सर्व चित्रपटाचे लेखनिक आहेत. आज आंतरजालावर सहज सापडणारी प्रत ही बहुधा या साखळीतील शेवटच्या लेखनिकाची असते.

५

या सगळ्या चर्चेत 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाला वेगळे स्थान आहे, कारण पाठाचा प्रश्न हाच त्याचा विषय आहे. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, विष्णुपंत पागनीस यांची प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला, एवढे सर्वांस ठाऊक असते. त्याच्या कथानकाच्या रचनेकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सालोमालो तुकारामाचे अभंग आपले म्हणून सांगतो : हा कर्तृत्वाचा प्रश्न. तुकारामाच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागतात : हा संहितेच्या नाशाचा प्रश्न. त्या पुन्हा वर येतात : हा संहितेच्या पुनःप्राप्तीचा प्रश्न. चोरी, नाश आणि पुनःप्राप्ती या तीन घटनांवर सगळे कथानक तोललेले आहे. चित्रपट संग्रहालय ज्या तीन चिंतांवर उभे असते, त्या नेमक्या याच.

या चित्रपटाने स्वतःही एक पाठ-प्रश्न निर्माण केला. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेला एक अभंग तुकोबांच्या वाणीशी इतका एकरूप झाला की, तो तुकारामाचाच आहे असा समज रूढ झाला आणि गाथेत त्याचा शोध घेतला गेला. १८६९ व १८७३ साली विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादित केलेल्या इंदुप्रकाश प्रतीपासून गाथेच्या अभ्यासकांना प्रक्षिप्त अभंगांचा प्रश्न परिचित आहे. पूर्वी प्रक्षेप मौखिक परंपरेतून वा नकलाकाराच्या हातून होई. येथे तो ध्वनिपट्टीवरून झाला. चित्रपटाच्या कथेत सालोमालो दुसऱ्याची रचना आपली म्हणवतो, आणि चित्रपटाबाहेर लोकमानस एका आधुनिक कवीची रचना तुकारामाला अर्पण करते. पहिल्या व्यवहारात लोभ आहे, दुसऱ्यात भक्ती आहे. पण पाठचिकित्सकाच्या दृष्टीने दोन्ही कर्तृत्वाच्या चुकीच्या नोंदी आहेत.

हे विवेचन मराठी साहित्याचा अभ्यासकच करू शकतो. गाथेची परंपरा, महिपतीने रंगवलेले चरित्र, वारकरी कीर्तनाचा घाट यांचे भान असल्यावाचून चित्रपटातील संहिता-प्रश्न दिसत नाही. गीता कपूर यांचे 'संत तुकाराम'वरील आणि आशिष राजाध्यक्ष यांचे फाळकेयुगावरील मूलगामी विवेचन १९८७ साली इंग्रजीतून प्रसिद्ध झाले. मराठी चित्रपटाविषयीचा गंभीर सिद्धान्तविचार इंग्रजीत व्हावा यात गैर काही नाही. त्या विचाराला मराठीतून उत्तर, पुरवणी वा दुरुस्ती जावी, इतके संशोधन आपल्या मराठी विभागांतून झाले नाही, ही खंत मात्र रास्त आहे. अरुण खोपकर यांच्या 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' या ग्रंथाने चित्रचौकटीच्या सूक्ष्म वाचनाचा उत्तम आदर्श मराठीत निर्माण केला. त्याचा वाचकवर्ग मोठा झाला, पण त्या पद्धतीचे विद्यापीठीय संशोधनात रूपांतर झाले नाही.

६

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पाठचिकित्सा ही हस्तलिखितांसाठी घडलेली पद्धती आहे. चित्रपट यंत्राने पुनरुत्पादित होतो, त्याच्या सर्व प्रती सारख्या असतात. वर दिलेली उदाहरणे पाहता हा आक्षेप टिकत नाही. फिल्मची प्रत्येक प्रत प्रक्षेपकातून जाताना झिजते, तुटते, जोडली जाते. ती कोठे व किती वेळा दाखवली गेली, याचे चरित्र तिच्या अंगावर उमटते. प्रती यंत्राने निघतात हे खरे, पण त्या जगतात पोथ्यांसारख्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाठचिकित्सेचे अंतिम उद्दिष्ट मूलपाठ शोधण्याचे असते, आणि 'मूळ' ही कल्पनाच आधुनिकोत्तर विचाराने संशयास्पद ठरवली आहे. रेमों बेलूर यांनी १९७५ साली असे दाखवले की, चित्रपटाची संहिता लेखनात उद्धृतच करता येत नाही. समीक्षकाच्या हातून ती सतत निसटते. मग अप्राप्य संहितेच्या मूळ रूपाचा शोध कशासाठी? याला उत्तर असे की, येथे मूलपाठाची प्रतिष्ठापना अपेक्षित नाही. पाठभेदांचा इतिहास अपेक्षित आहे. महाभारताच्या आवृत्तीतही तळटीपांतून आणि परिशिष्टांतून जे वगळलेले पाठ जपले गेले, त्यांचा उपयोग पुढच्या अभ्यासकांना मुख्य पाठाइतकाच झाला. बेलूर यांच्या मांडणीतील अप्राप्यता तात्त्विक आहे. फ्रान्समधील अभ्यासकाला चित्रपट पुन्हा पुन्हा पाहता येत असूनही जाणवलेली ती आहे. आपल्याकडील अप्राप्यता आधी भौतिक आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठारांना लागलेल्या आगीत शेकडो चित्रपटांची रिळे नष्ट झाली. त्यांतील काहींच्या सुरक्षित फिल्मवरील प्रती आधी काढलेल्या होत्या, म्हणून चित्रपट वाचले असे आपण म्हणतो. पण प्रत वाचली आणि पूर्वप्रत जळाली, तर पुढे कधीही ताडून पाहण्याची शक्यता संपते. संहितेचे 'मूळ' नाकारणे आणि मूळ रीळ गमावणे या दोन गोष्टींची गल्लत सिद्धान्ताच्या नावाखाली होऊ नये.

७

संग्रहालय व विद्यापीठ यांचा संबंध आपल्याकडे अगदीच आला नाही, असे नाही. सतीश बहादुर यांनी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट-रसग्रहणाच्या अध्यापनाची पायाभरणी केली. श्यामला वनारसे यांच्यासह 'पथेर पांचाली'चे दृश्यागणिक विश्लेषण केले. संग्रहालयाच्या साहाय्याने दर उन्हाळ्यात होणाऱ्या रसास्वाद वर्गांतून महाराष्ट्रातील अनेक प्राध्यापक, पत्रकार व चित्रपट मंडळांचे कार्यकर्ते तयार झाले. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळाने अभिजात चित्रपट पाहणारा वर्ग घडवला. या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि या साऱ्या परंपरेचा भर चांगला प्रेक्षक घडवण्यावर होता. चांगला प्रेक्षक आणि संशोधक यांच्या गरजा भिन्न असतात. प्रेक्षकाला उत्तम प्रत हवी असते. संशोधकाला वाईट प्रतही हवी असते, कारण ती का वाईट झाली हे त्याला सांगायचे असते.

अलीकडच्या दोन घटनांनी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. २०२५ साली फिल्म इन्स्टिट्यूटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एकाच रस्त्यावरील दोन संस्थांपैकी शिकवणारी संस्था विद्यापीठ झाली आणि जतन करणारी संस्था महामंडळाचा भाग झाली. महामंडळाकडे निधी येतो, जीर्णोद्धाराची यंत्रणा येते, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून होणारे अंकीकरण ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु जीर्णोद्धाराचे यश प्रतिमेच्या स्वच्छतेवर मोजण्याकडे अशा यंत्रणेचा कल राहणार. ओरखडे पुसताना पाठभेदही पुसले जात आहेत का, हे विचारणारा कोणी तेथे असावा लागतो. तो प्रश्न विचारण्याचे प्रशिक्षण विद्यापीठच देऊ शकते. पुस्तके ग्रंथालयांना देण्याविषयी १९५४ पासून कायदा आहे. निर्मात्याने चित्रपटाची प्रत राष्ट्रीय संग्रहात ठेवलीच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा नाही. विद्यापीठांनी ही मागणी कधी आपली मानली नाही, कारण संग्रहालयाच्या अभावाची झळ त्यांच्या संशोधनाला लागतच नव्हती. जे संशोधन मूळ साधनांवर उभे नसते, त्याला साधने नष्ट झाल्याचे कळत नाही.

८

आता हा सगळा विचार पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या जागेवरून पाहू. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहणारी आणि उल्हासनगर किंवा कल्याणच्या महाविद्यालयात शिकणारी विद्यार्थिनी मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येते. तिने 'कुंकू' आणि आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी यांवर प्रबंधिका लिहायचे ठरवले, तर कादंबरी तिला ग्रंथालयात मिळू शकते. चित्रपटाची अधिकृत प्रत टेबलावर थांबवून, मागेपुढे करून पाहायची, तर कल्याण किंवा कर्जत गाठून घाट चढावा लागतो, परवानगी व शुल्क यांची व्यवस्था करावी लागते. म्हणून ती भ्रमणध्वनीवर मिळेल ती प्रत पाहते. तिचा मार्गदर्शकही तीच पाहतो, आणि परीक्षकही. प्रबंधिकेत कादंबरीची आवृत्ती, प्रकाशक व साल दिलेले असते. चित्रपटापुढे फक्त १९३७ हे साल असते. ही तिची बेफिकिरी नव्हे. चित्रपटाच्या प्रतीचा निर्देश कसा करावा, हे तिला कोणी शिकवलेले नाही.

यावर दोन उपाय तत्काळ शक्य आहेत. पहिला, प्रत्येक विद्यापीठाच्या मराठी व संज्ञापन विभागांनी चित्रपटावरील प्रबंधासाठी प्रतनिर्देश अनिवार्य करावा : कोणती प्रत पाहिली, कोणत्या माध्यमावर, किती लांबीची, कोणत्या भाषिक आवृत्तीची, परीक्षण मंडळाच्या नोंदीतील लांबीशी ती जुळते का, आणि न जुळल्यास काय गळले असावे. एवढ्या पाच ओळींनी अनेक प्रबंधांतील अनेक विधाने लिहिली जाण्यापूर्वीच थांबतील. दुसरा, चित्रपटाभोवतीच्या कागदपत्रांचा संग्रह महाविद्यालयांनी आपापल्या परिसरात करावा. गाण्यांच्या पुस्तिका, जाहिराती, चित्रपटगृहांच्या नोंदवह्या, मासिकांतील परीक्षणे ही सर्व पाठचिकित्सेची सहायक साधने आहेत. १९२७-२८ च्या सिनेमॅटोग्राफ समितीपुढील फाळके यांची साक्ष किंवा 'नवयुग' मासिकातील त्यांचे १९१७-१८ चे लेख आपण आज वाचू शकतो ते कोणी तरी कागद जपले म्हणून.

या दृष्टीने अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर हा पट्टा मुळीच दरिद्री नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. फाळणीची वेदना मांडणारा 'अबाणा' हा सिंधी चित्रपट १९५८ साली आला. अभिनेत्री साधना त्यात होती. तो चित्रपट या छावण्यांतल्या लोकांनी कोठे पाहिला, कोणत्या प्रसंगी रडले, कोणती गाणी घरी नेली, हे सांगू शकणारी पिढी फार काळ राहणार नाही. त्याच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, पुस्तिका मिळाल्यास जपणे, आणि आठवण व उपलब्ध प्रत यांत जेथे अंतर पडते ते नोंदवणे, हे काम उल्हासनगरच्या महाविद्यालयातील विद्यार्थी पुण्याच्या किंवा मुंबईच्या संशोधकापेक्षा अधिक चांगले करू शकतात. वाडियांच्या आठवणीतल्या कुत्र्याविषयी वर जो प्रश्न विचारला, तो विचारायला आता कोणी साक्षीदार उरलेला नाही. 'अबाणा'च्या बाबतीत तो अजून विचारता येईल.

चित्रपटाच्या सिद्धान्ताला यात कोठेही विरोध नाही. संरचनावाद, चिन्हमीमांसा, स्त्रीवादी व मनोविश्लेषणात्मक वाचन या सर्वांची मराठी समीक्षेला गरज आहे, आणि त्यांचा परिचय करून देणारे लेखन होत आलेले आहे. मात्र वाचन कोणतेही असो, ते कशाचे वाचन आहे हे आधी सांगता आले पाहिजे. मराठी विद्येने ही शिस्त ज्ञानेश्वरीच्या, गाथेच्या आणि महाभारताच्या निमित्ताने अंगी बाणवली. चित्रपटासाठी ती नव्याने शोधण्याची आवश्यकता नाही. भांडारकर संस्थेत पोथ्या वाचायला शिकलेला एखादा विद्यार्थी आणि संग्रहालयात रिळे तपासायला शिकलेला एखादा तंत्रज्ञ यांनी मिळून 'राजा हरिश्चंद्र'च्या उपलब्ध रिळांची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करावी, शीर्षकपट्ट्यांच्या पाठभेदांसह आणि शंकास्थळांसह. मराठी चित्रपट-अभ्यासाचा तो पहिला ग्रंथ ठरेल.